अदमुऱ्याचं कार्ड

बाई, तुमचं खोकं सध्या माझ्याकडे आहे. तेच, चपलांचं, निळ्या झाकणाचं, चारही कोपऱ्यांना तुम्ही कापडी पट्टी चिकटवलेलं. तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पट्टी अजून सुटलेली नाही. तुमच्या भाच्याने घर रिकामं करताना ते पेणच्या एका वाचनालयाला देऊन टाकलं होतं, आणि तिथे ते कपाटावर इतकी वर्षं पडून राहिलं. आता त्या कार्डांची लहानशी पुस्तिका काढायची ठरली आहे. वाचनालयात काम करणारी मुलगी खोकं घेऊन गेल्या महिन्यात रोह्याला माझ्या घरी आली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, कार्डांवरचं अक्षर तुमचं आहे म्हणे. छापायच्या आधी एकदा तपासून द्याल का?’’ मी तिला आधी हात धुऊन यायला सांगितलं. तुम्ही आम्हाला सांगायचात तसंच. तिने धुतले, पण जरा बावरून. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण माझ्या बोलण्याने मुली अजून बावरतात. तुम्ही तीच वाक्यं बोलायचात आणि मुली हसत हात धुवायला जायच्या. याचं मला नोकरीत असतानाही वाईट वाटायचं.

कार्डं एकेक करून पाहिली. वर शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली तो कुठून आला असावा, आणि सगळ्यांत खाली दोन ओळी: सांगणारी, गाव. तुमचा तो नियम होता. शब्द कोशात सापडो न सापडो, तो ज्या बाईच्या तोंडून ऐकला तिचं नाव लिहायचं. पुरुषांना विचारायला तुम्ही फारशा जात नव्हतात. ‘‘पुरुष शब्द वापरतात, बायका सांभाळतात,’’ असं म्हणायचात आणि लगेच, ‘‘हे काही लिहून ठेवायचं वाक्य नाही गं, भांडी घासताना सुचलं,’’ असंही म्हणायचात. तुम्ही पेन्सिलीने कच्चं लिहायचात, मी शाईने पक्कं उतरवायची, आणि कच्चे कागद दुसऱ्या दिवशी तुमच्या पाणी तापवायच्या बंबात जायचे. उतरवलेलं तपासून तुम्ही उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण करायचात. सगळ्या कार्डांवर ती खूण आहे. एका कार्डावर नाही. ते अदमुऱ्याचं.

हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरात चालायचं. पेणमधलं ते भाड्याचं दोन खोल्यांचं घर, मागच्या दाराने आत यायचं, कारण पुढच्या खोलीत पुस्तकांमुळे पाय ठेवायला जागा नसायची. कॉलेजचं दुसरं वर्ष. दर रविवारी आम्ही दोघी यायचो, मी आणि माझ्या वर्गातली ती. मी पेणचीच. आमच्या गल्लीत घराघरांत गणपतीचे कारखाने, आणि वडिलांच्या हाताखाली मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. श्वास रोखून एका झटक्यात काळी रेघ ओढायची, ती हलली तर मूर्ती वाया. माझं अक्षर त्या आखणीतून आलं होतं. वर्गात माझी वही हातात घेऊन तुम्ही म्हणालात, ‘‘हे अक्षर मला हवंय.’’ मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. मग पुढच्याच तासाला तुम्ही तिला विचारलंत, ‘‘आणि तू गं, गडबजवळची ना? मिठागरावरच्या घरातली? रविवारी येशील?’’ तिचं अक्षर म्हणजे वहीवर कोंबडी फिरल्यासारखं. ती कशाला हवी होती तुम्हाला, ते मला पहिल्या रविवारी कळलं नाही. दुसऱ्या रविवारी कळलं.

त्या दिवशी ओट्यावर तुमची ती दगडी होती, काळ्या दगडाचं जड, बसकं भांडं. कोमट दुधात नखभर विरजण घालून तुम्ही ती सकाळी दहाला झाकून ठेवायचात आणि तीन-चारच्या सुमाराला, दही पुरतं लागायच्या आत, आम्हाला वाटीत काढून द्यायचात. वर चिमूटभर साखर. पेणच्या दमट हवेत तो नेमका वेळ साधणं सोपं नव्हतं. मी दर अर्ध्या तासाने उठून झाकण वर करून बघायची. एकदा तुम्ही कार्डातून मान वर न करता म्हणालात, ‘‘ठेव ते झाकण. आखणी नाहीये ती, तू बघितल्याने नीट व्हायला.’’ ती फिदीफिदी हसली. मी झाकण ठेवलं आणि हात पदराला पुसत बसून राहिले.

मग तुम्ही विचारलंत, याला आपण अदमुरं का म्हणतो. मी वर्गात पहिली येणारी, मला उत्तर द्यायचंच होतं. आमच्या घरी दही नीट लागलं नाही, पाणचट राहिलं, की आई कपाळाला आठी घालून म्हणायची, ‘‘अदमुरं राहिलं मेलं.’’ तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं की हा शब्द ‘अधम’वरून आला असणार. कमी प्रतीचं, हलकं दही. तुम्ही हसला नाहीत, ते तुमचे उपकार. पण ती म्हणाली, ‘‘काय पन! अदपाव, अदशेर, तसा अदमुरा. अर्दा मुरल्याला, आनि कनचा?’’ तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. तुमचा चेहरा मला आजही दिसतो. कुणी तुम्हाला न मागता काहीतरी आणून दिल्यासारखा. ‘‘बघ,’’ तुम्ही मला म्हणालात, तिला नाही, मला, ‘‘अर्धाचा अध, अधचा अद. आणि मुरणं. पाणी जमिनीत मुरतं, मीठ कैरीत मुरतं, तसं विरजण दुधात अर्धं मुरलेलं. हिच्या कानात कोश आहे बाई.’’ आणि मग माझ्या वाटीत साखर घालता घालता, ‘‘तुझं अक्षर आणि हिचा कान, माझं काम झालं.’’

तुम्हाला वाटलं असेल की दोघींना सारखं वाटून दिलं. अक्षर कुणालाही गिरवून आणता येतं, बाई. कान आणता येत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढा हिशेब कळतो.

पुढे तुम्ही तिच्या घरीही जायला लागलात. एस.टी.ने गडबला उतरून शेताच्या बांधावरून चालत. एकदा साडीचा काठ चिखलाने भरलेला तसाच घेऊन सोमवारी वर्गावर आलात आणि कुणी विचारलं तर अभिमानाने सांगितलंत. आमचं घर तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आईने तुम्हाला हळदीकुंकवाला दोनदा बोलावलं. तुम्ही आला नाहीत. गर्दीत तुम्हाला अवघडायचं हे मला माहीत होतं, आईला मी तसं सांगितलंही, पण सांगताना माझा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता.

आणि मग तो श्रावणातला रविवार. पावसाळ्यात मिठागरं बंद असतात, तेव्हा तिची आई मोकळी होती, आणि ती तिला घेऊन आली. उंच, काटक बाई, पायांच्या टाचा मिठाने चिरलेल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच बसली. तुम्ही तिला आत पाटावर बसवलंत. दोन तास तुम्ही तिच्याशी दुधाबद्दल बोललात. दूध तापवताना, आटताना, नासताना, लागताना, प्रत्येक वेळचा तिचा शब्द वेगळा. मी पेन हातात घेऊन नुसती बसले होते. मला लिहायला तुम्ही सांगितलं नाहीत, तुम्हीच भरभर पेन्सिलीने लिहीत होतात. अदमुऱ्याबद्दल विचारलं तेव्हा तिची आई म्हणाली, ‘‘दूध हाय पन व्हात नाय, दही हाय पन आंबट नाय. मीठ काडून मानूस दुपारचा येतो ना, त्याचा तोंड आलेला असतो. त्याला आंबट झोंबतो. त्याच्यासाठी लावाचा. चुकून नाय होत तो, बाई. चुकून झाला तर त्याला अदमुरा बोलू नये.’’ म्हणजे माझ्या आईचं अदमुरं हे अदमुरं नव्हतंच. तुम्ही ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलंत. मग कच्च्या कागदाच्या तळाशी तिचं नाव लिहिलंत आणि कागद तिच्यापुढे धरलात. ‘‘हे तुमचं नाव.’’ ती वाकून बघत राहिली. लेकीला म्हणाली, ‘‘एवडासा हाय काय गो माजा नाव?’’ सगळे हसलो. मीही हसले.

चार वाजता दगडी उघडली. वाट्या तीन भरल्या. तुम्ही एक तिच्या आईपुढे ठेवलीत, एक तिच्यापुढे, आणि तिसरी पुन्हा तिच्या आईपुढे, कारण पहिली तिने दोन घासांत संपवली होती. मी बघत होते. तुम्ही माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणालात, ‘‘तू काय गं, दर रविवारी खातेस.’’

एवढंच झालं. हे वाचून कुणालाही वाटेल, एवढंच? मी मुख्याध्यापिका असताना माझ्यापुढे कुणी असली तक्रार आणली असती तर मी तिला वर्गात परत पाठवलं असतं.

पुढच्या रविवारी तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. हिरव्या रंगाचं, सोनेरी टोपणाचं. ‘‘इतकी कार्डं उतरवलीस, हे तुझं.’’ तिला काही दिलं नाहीत, मी नीट पाहिलं. त्या पेनाने मी पहिलं कार्ड उतरवलं ते अदमुऱ्याचं. तुमच्या पेन्सिलीच्या कागदावर ते वाक्य जसंच्या तसं होतं, दूध हाय पन व्हात नाय. मी लिहिलं: ‘न वाहणारे व न आंबलेले, अर्धवट विरजलेले दूध.’ शुद्ध, नीटनेटकं, कुणाचंही. मग खालच्या ओळी आल्या. सांगणारी. तिथे मी एक आडवी रेघ मारली. गाव. तिथे लिहिलं, ‘सर्वत्र’. माझं नाव लिहिलं नाही, बाई. मी चोर नाही. आमच्या घरीही तो शब्द होताच, सगळ्या घरांत होता, तेव्हा सर्वत्र हे खोटंही नव्हतं. ही युक्ती मला तुमच्याच पद्धतीने शिकवली होती. जो शब्द सगळीकडे सापडतो त्याला एका बाईचं नाव लावायचं नाही, असा अपवाद तुम्हीच एकदा केला होता. पेन्सिलीचा कागद मी स्वतः बंबात टाकला.

मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलं आणि तिचं कॉलेज सुटलं. तुम्ही तिच्या घरी जाऊन वाद घातलात, एक वर्ष थांबा म्हणून विनवलंत, तेही माझ्या कानावर आलं. लग्नात तुम्ही तिला ती दगडी दिलीत. मला वाटलं होतं, ती दगडी पुढेमागे माझ्याकडे येईल. का वाटलं होतं, ते सांगता येत नाही. त्यानंतर तुमच्या ओट्यावर स्टीलचं पातेलं आलं आणि रविवारी मी एकटीच यायला लागले. मला हेच हवं होतं ना? पण त्या पातेल्यात अदमुरं कधी धड साधलं नाही, आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, ‘‘दगडीत बरं व्हायचं, नाही?’’

तर आता ते कार्ड हातात घेऊन मी बसले होते. मी पंधरवडाभर काही केलं नाही. बाकीची कार्डं तपासली, दोन-तीन ऱ्हस्व-दीर्घ माझेच चुकलेले सापडले, ते सुधारले. मग परवा खोकं पिशवीत घालून पेणला परत द्यायला निघाले. रोह्याहून रेल्वेने सरळ पेणला उतरता आलं असतं. मी एस.टी. धरली. नागोठण्यापुढे गडब येतं हे मला माहीत होतं, आणि हमरस्त्याला लागून तिच्या सुनेचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे हेही कुणीतरी सांगितलेलं माहीत होतं. उतरले. पत्र्याची शेड, बाहेर दोन बाकडी, ट्रकवाले मिसळ खात होते, आणि आत काचेच्या कपाटात मातीच्या लहान वाट्यांत दही. पाटीवर सुनेने रंगाने लिहिलेलं: ‘अदमुरं, दुपारी तीननंतर’.

ती आतल्या बाजूला खुर्चीवर बसली होती. जाड झालीय. गुडघे गेलेत. मला बघून उठायची धडपड केली नाही, नुसतं म्हणाली, ‘‘आलीस? वाटेत ट्राफिक व्हता काय, पन्नास वर्सां लागली.’’

मी म्हटलं, ‘‘तूही येऊ शकली असतीस.’’

‘‘मी? हेडमास्तरनीकडे? छडी खायाला?’’ मग सुनेला हाक मारून, ‘‘अगो, एक वाटी आन. आनि झाकन हिच्यासमोर उगडू नको, हिला सवय हाय बगायची.’’

तिला ते आठवतंय, बाई. माझ्या झाकणाचं. मी कोपऱ्यातल्या ओट्याकडे पाहिलं. दगडी तिथेच होती. एका बाजूला चिरलेली, तारेने आवळलेली, पण वापरातली. मातीच्या वाट्यांत जे विकायला जातं ते आधी तिच्यात लागतं म्हणे. मी वाटीतलं खाल्लं. ते अगदी तुमच्या स्वयंपाकघरातलं होतं. चमचा उभा राहील इतपत लागलेलं, आणि आंबटपणा जिभेच्या टोकाला नुसता येऊन थांबलेला. मी रोह्याला इतकी वर्षं दही लावते. असं एकदाही लागलं नाही.

पिशवीत काय आहे, असं तिने विचारलं. मी सांगितलं. तिचं सगळं अंग पुढे आलं. ‘‘छापनार हायेत? मंग माज्या आयशीचा नाव येल त्यात! बाईंनी लिवला व्हता, मना आठवतंय. तिच्या पुडं धरला व्हता कागद. ती मरताना पन बोलली गो, पेनच्या बाईंकडं माजा नाव हाय.’’ मग हात पुढे केला. ‘‘दाव.’’

मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही. कार्ड काढून दिलं. तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. सून चहाचे पेले विसळत होती. ‘‘सर्वत्र,’’ ती म्हणाली. ‘‘सर्वत्र म्हंजे कोनाचाच नाय.’’

‘‘बाईंकडून राहिलं असेल,’’ मी म्हटलं.

‘‘अक्षर तुजा हाय.’’

‘‘त्यांच्या पेन्सिलीवरून उतरवलं. जसं होतं तसं.’’

हे मी म्हटलं, बाई. विचार करून नाही, पण अडखळलेही नाही. आखणीसारखं एका झटक्यात. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, म्हणजे बरं होईल. तिने कार्ड पदराने पुसलं, त्यावर काहीही सांडलेलं नसताना, आणि परत दिलं. ‘‘ऱ्हाऊंदे,’’ ती म्हणाली. ‘‘बाईंना किती कामां. एकल्या जिवाची बाई, कॉलेज बगाची का हा बगाची. मना त्यांचा राग नाय. तुज्या हातात हाय तर आता घाल नाव. तुला ठावं हाय ना तिचा नाव?’’

मला ठाऊक आहे. तेव्हा एकदाच पाहिलेलं, पण मी ते कधी विसरले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. निघताना तिने एका डबीत विरजण दिलं आणि म्हणाली, ‘‘दोपारी लाव, आनि जरा गप बस.’’

पेणला न जाता मी रोह्याला परत आले. आज सकाळी कार्डावरची आडवी रेघ नि ‘सर्वत्र’ दोन्ही खोडलं आणि तिच्या आईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. अर्थाच्या जागी माझं वाक्य खोडून तिचं घातलं, तिने म्हटलं होतं तसं, ‘पन’सकट. पेन तुमचंच वापरलं, त्याची निब आता खरखरते. उद्या खोकं पेणला जाईल. पुस्तिकेत ते बरोबर छापून येईल, आणि ती दुकानात सुनेला वाचून दाखवेल, ट्रकवाल्यांना दाखवेल. तेवढं मी नीट केलं. लाल खूण मात्र मी केली नाही, ती तुमची. तुम्ही ती मुद्दाम केली नव्हतीत, की ते कार्ड तपासायचं राहून गेलं होतं, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही. तुम्ही पाहिलं असेल आणि मी स्वतःहून येऊन सांगायची वाट बघत असाल, असं काल दिवसभर वाटत होतं. तशाच होतात तुम्ही. झाकण न उघडणाऱ्या.

पण एक गोष्ट खोडता येत नाही. तिने तुम्हाला माफ केलं. पन्नास वर्षांनी, एका क्षणात, चहाचे पेले विसळले जात असताना, न केलेल्या चुकीबद्दल तुम्हाला माफ केलं. ती माफी माझी होती, बाई. माझ्यासमोर, माझ्या हातातल्या कार्डावरून ती तुमच्याकडे गेली, आणि मी त्या तिसऱ्या वाटीकडे बघितलं तशी बघत राहिले. ती परत मागायची तर मला गडबला जाऊन सांगावं लागेल की उतरवलं ते मी, सर्वत्र लिहिलं ते मी. मग ती माफ करेल की नाही कोण जाणे. तुम्हाला केलं तसं एका क्षणात मला करणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.

हे पत्र खोक्यात ठेवणार होते, कार्डांच्या मागे. ठेवत नाही. वाचनालयातली ती मुलगी वाचेल. आणि खरं कारण तेही नाही, हे आधी तिला सांगायला हवं, तुम्हाला नाही. दुपारी दोनला दूध लावलंय, तिच्या विरजणाचं. आता साडेचार झालेत. हे लिहिता लिहिता मी तीनदा उठून झाकण उघडून पाहिलं.